पैशाची गरज नसताना माणसाने काम का करावं?

सुटलेला_गडी:
नमस्कार मंडळी. प्रश्न काहींना माजोरडा वाटेल, खास करून जे नोकरी शोधून दमलेत त्यांना, त्यांची आधीच माफी मागून विचारतो.

वय पंचेचाळीसच्या पुढे. सगळं करिअर अकाउंट्समध्ये गेलं, ताळेबंद, ऑडिट, वर्षअखेरीची पळापळ सगळं करून झालं. कर्ज उरलेलं नाही, मागे कोणाची मोठी जबाबदारी नाही, साधं राहिलं तर पुरेल इतकं साठलेलं आहे, म्हणून गेल्या वर्षी राजीनामा टाकला. सुरुवात भन्नाट होती. अलार्म नाही, मीटिंग नाही, रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येणं नाही.

पण आता काय व्हायला लागलंय सांगतो. इन्शुरन्सवाल्यांना फोन करून पत्ता बदलून घ्यायचाय, एवढंच काम, पाच मिनिटांचं, ते 'उद्या करू' म्हणत म्हणत आठवडेच्या आठवडे तसंच पडून राहतं. आधी असली कामं मी दोन मीटिंगच्या मधे उरकायचो. आता दिवसभर वेळच वेळ आणि रात्री कोणी विचारलं आज काय केलं, तर सांगायला काही नसतं, आणि खरंच आठवतही नाही हो.

घरचे म्हणतात रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, जा परत कुठेतरी चिकट. ते काही मला पटत नाही. माझी शंका अशी आहे की 'कामाशिवाय माणूस अपुरा' हे आपल्या डोक्यात भरवलेलं आहे, आधी शाळेची घंटा मग ऑफिसचं पंचिंग मशीन, आणि त्यात फायदा कोणाचा तर ज्याला आपल्याकडून काम करून घ्यायचंय त्याचा. जुन्या काळी सरदार-उमराव लोक पिढ्यानपिढ्या काही न करता जगलेच की, ते काय वेडे झाले?

तर प्रश्न असा की पगार बाजूला काढला तर कामात नक्की उरतं काय? आणि जे उरतं ते कामातूनच मिळतं की दुसरीकडूनही मिळू शकतं? 'फळाची अपेक्षा ठेवू नकोस' वगैरे कृपया नको, फळ मिळून झालंय, त्याच्या पुढचं विचारतोय.

निवांतराव:
लोक यासाठी तरसतात आणि तुम्हाला त्रास होतोय. तुमचा प्रॉब्लेम मला द्या, मी तुम्हाला माझा बॉस देतो. वर सुट्टीचा अर्ज फ्री.

जुनी_पानं:
सुटलेला गडी, तुमच्या त्या फोनचा किस्सा वाचून मी जागच्या जागी थबकले, कारण अगदी हेच नव्वद वर्षांपूर्वी कोणीतरी व्यवस्थित नोंदवून ठेवलेलं आहे. जरा मोठं लिहिते, कंटाळा आला तर पुढे जा.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएंटाल नावाची जेमतेम दीड हजार लोकांची वस्ती होती. सगळी वस्ती एका कापड गिरणीवर जगायची. १९३० च्या आसपास मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव एकदम बेकार झालं. तिथे मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या समाजशास्त्रीय अभ्यासकांची टीम जाऊन पोचली. नुसते फॉर्म भरून घेणारे नव्हते हे, त्यांनी तिथे कपडे वाटले, शिवणाचे क्लास काढले, डॉक्टर आणले, आणि हे करता करता लोक दिवस कसा काढतात ते बारकाईने बघितलं. १९३३ मध्ये त्यांचा अहवाल छापून आला.

त्या काळी बऱ्याच जणांचा अंदाज होता की इतकी माणसं एकदम बेकार झाली तर उठाव होईल. झालं उलटंच. माणसं थंडावली. गावात वाचनालय होतं, आता वाचायला वेळच वेळ, वर वाचनालयाची फीसुद्धा माफ केलेली, तरी १९२९ ते १९३१ या दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. एक जण घड्याळ घेऊन खिडकीत बसायचा आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चालण्याचा वेग मोजायचा, तर पुरुष रेंगाळत, थांबत, कुठेही टेकत चालले आहेत आणि बायका मात्र भराभर. पुरुषांना दिवसाचा तक्ता भरायला दिला तर त्यांना भरता येईना. सकाळी उठलो, दुपारी जेवलो, मधे काय केलं ते आठवत नाही. बायकांची तक्रार तर अशी होती की नवऱ्याला काही उद्योग नाही तरी जेवायला वेळेवर येत नाही! वेळ भरपूर झाला की वेळेची किंमतच जाते बहुतेक.

याच याहोडाबाईंनी पुढे १९८० च्या दशकात यावर सविस्तर मांडणी केली. त्यांचं म्हणणं, पगार ही कामातली वरवर दिसणारी गोष्ट, पण तिच्यासोबत अजून काही गोष्टी न मागता पदरात पडतात. दिवसाला एक आखणी येते, घराबाहेरच्या माणसांशी रोज गाठ पडते, एकट्याच्याने होणार नाही अशा कशात तरी आपला वाटा असतो, चारचौघांत आपण कोण ते ठरतं, आणि मुख्य म्हणजे हातपाय हलवावेच लागतात, मूड असो नसो. गंमत अशी की हे कोणी आपल्या भल्यासाठी देत नाही. मालकाला माल हवा असतो, हे आपलं सोबत येतं. काम कंटाळवाणं असलं, बॉस खडूस असला तरीही येतं.

आणि तुमच्या 'फायदा कोणाचा' या शंकेबद्दल, याहोडा काही मालकधार्जिणी बाई नव्हती. पक्की समाजवादी. राजकीय कामापायी तुरुंगात गेली आणि १९३७ मध्ये देश सोडून ब्रिटनला जावं लागलं. तेव्हा हे सगळं कारखानदारांनी रचलेलं नाटक आहे असं म्हणणं जरा कठीण जातं.

शंकासुर:
छान लिहिलंय ताई पण एक लोचा आहे. मारिएंटालचे लोक बेकार होते तसे कंगालही होते. भत्ता मिळायचा तो तुटपुंजा आणि काहींचा तर संपलेला. मग चालण्याचा वेग काम गेलं म्हणून कमी झाला की पोटात पुरेसं नाही आणि उद्याचं काय ही धास्ती म्हणून? पुस्तक वाचायला डोकं जागेवर लागतं, धास्तावलेला माणूस काय वाचणार. सुटलेला गडी यांना पैशाची चिंताच नाही, म्हणजे ही तुलना लंगडी आहे.

सरदार-उमरावांचं म्हणाल तर अ‍ॅरिस्टॉटल सरळ सांगायचा की चांगल्या जगण्याला मोकळीक लागते आणि हातांनी राबणाऱ्याला ती मिळत नाही, म्हणून तो खऱ्या अर्थाने नागरिक व्हायच्या लायकीचा नाही. विचार भारी, फक्त ती मोकळीक गुलामांच्या पाठीवर उभी होती हे मोठ्या सहजतेने गृहीत धरलेलं. म्हणजे काम नको हे तत्त्वज्ञान कायम दुसऱ्या कोणाच्या तरी कामावर चालतं. आणि ते उमराव तरी रिकामे कुठे होते, लढाया, दरबार, शिकारी, भाऊबंदकी, कटकारस्थानं, फुलटाईम उद्योग होते सगळे.

जुनी_पानं:
शंकासुर, मुद्दा रास्त आहे आणि हा वाद अभ्यासकांमध्येही जुनाच आहे. पण त्यानंतरचं ऐका. मारिएंटाल आता ज्या ग्रामपंचायतीत येतं, ग्रामाटनॉयझीडल, तिथेच २०२० च्या ऑक्टोबरपासून एक प्रयोग झाला, दीर्घकाळ बेकार असलेल्या प्रत्येकाला हमखास नोकरीची ऑफर, घ्यायची तर घ्या नाहीतर भत्ता चालूच. प्रयोगाची आखणी ऑक्सफर्डच्या दोन अर्थतज्ज्ञांची. सक्ती नसूनही लोक आले, आणि त्यांचं उत्पन्न तर वाढलंच पण दिवसाला आकार येणं, माणसांत मिसळणं, समाधान यातही फरक दिसला. अर्थात इथेही पैसा आणि काम एकत्रच आले, ते मान्य.

म्हणून दुसरं एक सांगते, ते तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळचं आहे. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ७०,००० हून जास्त लोकांच्या अनेक वर्षांच्या माहितीवरून असं बघितलं गेलं की मनाच्या तब्येतीसाठी पगारी काम किती लागतं. म्हणजे औषधाचा डोस बघतात ना तसा कामाचा डोस. तर बेकार किंवा घरी असलेला माणूस आठवड्याला आठ तासांपर्यंतच्या कामाला लागला तरी मानसिक त्रासाचा धोका सरासरी ३० टक्क्यांनी कमी झालेला दिसला. त्याच्यावर तास वाढवत गेलं तर जास्तीचा फायदा काही दिसला नाही. आठ तास म्हणजे आठवड्यात एक दिवस हो. आता एका दिवसाच्या पगाराने कोणाची पैशाची चिंता मिटणार आहे? म्हणजे फरक पडला तो निव्वळ पैशामुळे पडला असं म्हणता येत नाही.

शंकासुर:
हां हे पटण्यासारखं आहे. आणि मग बाकीचे चार दिवस आपण ऑफिसात कशासाठी मरतो हाही प्रश्न आलाच. १९३० मध्ये केन्स नावाच्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने लिहिलं होतं की शंभर वर्षांनी माणसं आठवड्याला पंधरा तास काम करतील आणि उरलेल्या वेळाचं करायचं काय हाच त्यांचा मोठा प्रश्न असेल. आता २०३० तोंडावर आलंय. पंधरा तासांचं काही दिसत नाही, पण आपल्या गडीभाऊंना त्याने भाकीत केलेला प्रश्न मात्र बरोबर वेळेवर पडलाय.

सीएनसी_भाऊ:
मी मशीनवर काम करतो, आत्ता नाईटवरून आलोय, झोपायच्या आधी हे वाचलं आणि सांगू का, थोडी चीड आली. कामाचा अर्थ वगैरे पोट भरलेल्यांचे खेळ आहेत. ज्याचं हातावर पोट आहे त्याला विचारा कामात काय उरतं, तो म्हणेल पगार वजा केला तर पाठदुखी उरते. आमच्याकडे मध्यंतरी एक ट्रेनर आणला होता, 'तुमचं पॅशन शोधा' म्हणाला, लाईनवर उभं राहून आठ तास तोच पार्ट चढवायचा नि उतरवायचा, त्यात कसलं पॅशन. मशीन लावून देणारा आमचा सेटर हसून हसून लोळायचा राहिला.

पण आता खरं सांगतो. नवीन जॉब आला, ड्रॉईंग हातात दिलं, सेटिंग केलं, ऑफसेट म्हणजे मापाच्या दुरुस्त्या मारल्या आणि फर्स्ट पीस गेजमध्ये बरोब्बर बसला की जे वाटतं ना ते पगारात मोजता येत नाही. क्वालिटीवाला मायक्रोमीटर लावतो, तो काही बोलत नाही, नुसता पीस बाजूला ठेवतो आणि सही मारतो. तिथे कोणी गोड बोलून मला पास करू शकत नाही आणि कोणी खुन्नस काढून नापास पण करू शकत नाही. माप आहे ते आहे. बाहेर एरवी सगळीकडे वशिला, तोंड बघून वागणं, इथे नाही. माझ्यासाठी कामाचा अर्थ म्हणाल तर इतकाच आहे आणि तो महिन्यातून फार कमी वेळा येतो. बाकी दिवस पाट्या टाकणंच.

ज्या दिवशी ऑटो लोडर बसवला आणि माझं काम नुसतं लाल दिवा लागला की बटण दाबायचं झालं, तेव्हा काम हलकं झालं पण जीव जास्त दमायला लागला. का ते मला पण नीट सांगता येत नाही.

शंकासुर:
भाऊ, तुमचं शेवटचं वाक्य अर्थशास्त्राचा जनक म्हणतात त्या अ‍ॅडम स्मिथला कळलं असतं. १७७६ मध्ये टाचणीच्या कारखान्याचं उदाहरण देऊन श्रमविभागणीचे गोडवे त्यानेच गायले, दहा माणसं कामं वाटून घेतात तर दिवसाला ४८,००० टाचण्या होतात. आणि पुढे त्याच ग्रंथात तोच म्हणतो की ज्याचं आयुष्य दोन-चार सोप्या क्रिया करण्यात जातं त्याला डोकं चालवायची वेळच येत नाही आणि तो हळूहळू मठ्ठ होत जातो. पहिला भाग सगळ्या मॅनेजरांना पाठ असतो. दुसरा कोणी सांगत नाही.

घरकोंबडी:
इतका वेळ गप्प बसून वाचत होते. एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली का, मारिएंटालमध्ये बायका भराभर चालत होत्या. का? कारण गिरणी बंद झाली तरी त्यांचं काम बंद झालं नव्हतं! त्यातल्या कितीतरी जणी गिरणीतच जायच्या, ती नोकरी गेली, पण घरचं, पोरांचं, फाटकं शिवायचं, उरल्यासुरल्यात भागवायचं हे सगळं उलट वाढलं. आणि इथे सगळे 'काम' म्हणताहेत म्हणजे पगारी काम धरून चालले आहेत.

मी बारा महिने चोवीस तास घरी असते आणि फॉर्मवर माझ्यापुढे लिहितात 'काही करत नाही'. देशाच्या उत्पन्नात पण हे धरत नाहीत. पिगू नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने फार पूर्वी दाखवून दिलं होतं की एखाद्याने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केलं तर देशाचं उत्पन्न तेवढं घटतं. काम तेच, बाई तीच, फक्त पगार बंद.

आइसलँडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ ला बायकांनी एक दिवस सगळंच काम सोडलं, ऑफिसचं पण आणि घरचं पण. देशातल्या ९० टक्के बायका सामील होत्या. बँका, कारखाने, शाळा काही चालेना, बापलोक पोरांना घेऊन ऑफिसात गेले. एका दिवसात देशाला दिसलं कोण काय करतं ते. पुढच्या वर्षी समानतेचा कायदा आला आणि १९८० मध्ये विग्दिस फिन्बोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. एका दिवसामुळे सगळं झालं असं मी म्हणत नाही, पण दिसलं नसतं तर झालंच नसतं.

आता गडीभाऊ, तुमच्यासाठी. इथे हळूहळू असा सूर लागायला लागलाय की दुसऱ्याला आपली गरज असली की झालं, अर्थ मिळाला. तसं नसतं हो. माझी गरज सगळ्यांना आहे, सकाळपासून रात्रीपर्यंत आहे, तरी कित्येकदा अर्थ वाटत नाही, कारण सकाळी केलेलं दुपारी पुसलं जातं आणि ते केलं होतं हे कोणाच्या गावीही नसतं. राहिलं तरच दिसतं. मशीनवाल्या भाऊंना निदान सही तरी मिळते. गरज असणं आणि त्या कामाची दखल असणं या दोन्ही गोष्टी लागतात. एकीवर नुसती फरफट होते.

सुटलेला_गडी:
बापरे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सीएनसी भाऊ, चीड येणं साहजिक आहे, राग नाही. घरकोंबडी ताई, 'राहिलं तरच दिसतं' हे अकाउंट्सवाल्याला फार जवळचं आहे, आमचं काम पण चुकलं तरच वर जातं.

मी काही अगदी बसून नव्हतो. फोटोग्राफीचा कोर्स केला, एक भाषा शिकायला घेतली, बाग लावली. सगळं चांगलं होतं, पण एखादा दिवस नाही केलं तर काहीच बिघडायचं नाही. क्लासला गेलो नाही तर सरांचा मेसेज यायचा 'नो प्रॉब्लेम, रेकॉर्डिंग बघा'. नो प्रॉब्लेम हाच प्रॉब्लेम आहे असं वाटायला लागलंय.

मग एका संस्थेत फुकट काम करायला पण गेलो. तिथे माझ्यासारखे बरेच जण होते आणि खरं तर आमच्यासाठीच कामं काढली जात होती. आम्ही फायली रंगांप्रमाणे लावायचो, पुढच्या आठवड्यात दुसरी बॅच येऊन त्या वर्षांप्रमाणे लावायची. कळलं त्या दिवशी बंद केलं. म्हणजे नुसतं 'स्वयंसेवा करा' हेही उत्तर नाही. बरोबर ना?

शंकासुर:
फायलींचा किस्सा म्हणजे अगदी क्रँकच झाला. व्हिक्टोरियन काळात ब्रिटनच्या तुरुंगांत क्रँक म्हणून यंत्र असायचं. एका पेटीत वाळू, त्यात पाती, बाहेर दांडा. कैद्याने दांडा फिरवायचा, दिवसाला हजारो फेरे, मोजायला काटा लावलेला. त्यातून काहीही तयार होत नसे, वाळू इकडची तिकडे. काही तुरुंगांत पायाने फिरवायची मोठी चाकं होती, त्यांवर निदान कुठे धान्य दळलं जायचं, कुठे पाणी चढायचं, पण कित्येक चाकं नुसती हवा फिरवायची. १८९८ च्या कायद्यानंतर हे प्रकार बंद झाले. कष्ट तर दगड फोडण्यातही असतात, पण यातून काही निपजत नाही हे कैद्याला माहीत असणं हा शिक्षेचाच भाग होता. सरकारला पक्कं ठाऊक होतं की माणसाला कष्टापेक्षा निरर्थक कष्ट जास्त मोडतात.

२००८ मध्ये डॅन अ‍ॅरिएली हा संशोधक आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी याचंच सौम्य रूप लॅबमध्ये करून बघितलं. लोकांना लेगोचे रोबो जोडायला दिले, प्रत्येकाला पैसे, पण पुढच्या प्रत्येक रोबोला थोडे थोडे कमी. एका गटाचे रोबो समोर टेबलावर मांडून ठेवायचे, दुसऱ्या गटाचे त्यांच्या डोळ्यांदेखत परत सुटे करायचे. पैसे दोन्हीकडे सारखे. पहिल्या गटाने सरासरी १०.६ जोडले, दुसऱ्याने ७.२ वर हात टेकले. खेळणंच होतं शेवटी, दोन्हीकडे जगाला उपयोग शून्य. तरीसुद्धा.

नाईट_ड्युटी:
मी नर्स आहे. दोन गोष्टी सांगते, एक चांगली, एक वाईट.

चांगली आधी. एमी रेझनेस्की आणि जेन डटन या दोघी संशोधकांनी हॉस्पिटलच्या सफाई कामगारांचा अभ्यास केला होता, २००१ मध्ये तो छापून आला. सगळ्यांचं काम कागदावर एकच. पण काही जण फरशी पुसून निघून जायचे आणि काही जण पेशंटशी बोलायचे, घाबरलेल्या नातेवाईकांना वाट दाखवायचे, कोणाला किती दिवस भेटायला कोणी आलेलं नाही ते लक्षात ठेवायचे. एक बाई तर बेशुद्ध पेशंटच्या खोल्यांतली भिंतीवरची चित्रं अधूनमधून बदलायची, न जाणो काही फरक पडला तर. कोणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर हे लोक म्हणायचे आम्ही पेशंट बरा करायला मदत करतो. मी स्वतः अशा मावशी बघितल्यात, राऊंडला डॉक्टर विचारतात ते बीपी-शुगर, आणि मावशी हळूच सांगतात सिस्टर ते आजोबा काल रात्रभर रडत होते. ते चार्टवर कुठेच नसतं.

आता वाईट. हेच 'सेवा' म्हणून आमच्या गळ्यात बांधतात. पगार वाढवा म्हटलं की सेवाभाव काढतात, माणसं वाढवा म्हटलं की तुमचं नोबल प्रोफेशन आहे म्हणतात. हे फक्त आमचंच नाही. बंडरसन आणि थॉम्पसन या संशोधकांनी २००९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या कीपर लोकांचा अभ्यास केला, बहुतेक पदवीधर, पगार अगदी कमी, काम घाणीचं, पण 'हे माझ्यासाठीच आहे' असं मनापासून मानणारे खूप. त्यात दिसलं ते असं की जो जितका मनापासून मानतो तो तितका पगार, वेळ, आराम सोडायला तयार होतो आणि व्यवस्थापन त्याचा फायदा घेऊ शकतं. म्हणून गडीभाऊ, तुमची पहिली शंका सगळीच चुकीची नाही. अर्थ खरा असतो, आणि खरा असतो म्हणूनच कोणीतरी त्याच्यावर डल्ला मारू शकतं. नकली असता तर काय लुटणार?

तुमच्या प्रश्नाबद्दल माझं मत, काम शोधताना 'मला आवडेल का' हे थोडं बाजूला ठेवा आणि बघा की मी नाही गेलो तर कोणी फोन करून ओरडेल का. आमच्याकडे रिलिव्हर आला नाही की मी घरी जाऊ शकत नाही. त्याची वाट बघताना शिव्या घालते, पण मला हेही माहीत असतं की उद्या माझी अशीच कोणीतरी वाट बघणार आहे. लोकांना हे ओझं वाटतं. असतंच. पण ते काढून टाकलं की माणूस पतंगासारखा भरकटतो, सुट्टीवर असले की पाचव्या दिवसापासून माझंही तेच होतं.

निवांतराव:
आधीची माझी कमेंट चेष्टेत होती पण आता वाचून जरा टेन्शन आलं. माझं स्वप्नच हे होतं, पन्नाशीला सुटायचं.

जुनी_पानं:
निवांतराव, स्वप्न सोडू नका, बेत बदला. १९५५ मध्ये अमेरिकेत ४०१ नोकरदार पुरुषांना विचारलं होतं, वारशाने भरपूर पैसा मिळाला तर काम सोडाल का? ८० टक्के म्हणाले काम करतच राहू. पण त्यातल्या बऱ्याच जणांना आत्ता आहे तेच काम मात्र नको होतं. सुटायचंच असेल तर कशातून सुटायचंय आणि कशाला धरून राहायचंय ते आधी ठरवा.

सीएनसी_भाऊ:
झोप झाली, परत आलो. गडीभाऊ, एक काम आहे. खरं काम आहे, काढलेलं नाही. आमच्या कामगारांचा एक मदत निधी आहे, दर महिन्याला प्रत्येकाकडून थोडे कापले जातात, कोणी आजारी पडला, अपघात झाला तर त्यातून देतात. हिशोब बघणारे काका रिटायर होऊन गेले, तेव्हापासून वह्यांचा आणि बँकेचा मेळ लागत नाहीये. दोन जणांचे अर्ज त्यामुळे अडकलेत, त्यातल्या एकाचं बोट गेलंय. कमिटीला मी विचारतो, पगार देऊ शकणार नाही हे आधीच सांगतो. आणि ओरडतील. आमची पोरं फार ओरडतात.

सुटलेला_गडी:
किती महिन्यांचा मेळ लागत नाहीये? बँक स्टेटमेंट पूर्ण आहेत का? कापलेल्या रकमेची यादी पगारपत्रकातून मिळेल का की वेगळी वही आहे? आणि पैसे कोणाला दिले त्याच्या पावत्या?

सीएनसी_भाऊ:
स्टेटमेंट आहेत. यादी वेगळ्या वहीत आहे, काकांच्या अक्षरात, ते फक्त काकांनाच वाचता यायचं. पावत्या एका पिशवीत आहेत. पिशवीबद्दल जास्त विचारू नका, आधी कमिटीशी बोलतो.

सुटलेला_गडी:
पिशवी कोणालाही आवरू देऊ नका. आहे तशी राहू दे, कागद ज्या क्रमाने पडलेत त्यावरूनही बरंच कळतं. ज्याचं बोट गेलंय त्याचा अर्ज कुठल्या तारखेचा आहे तेवढं बघून सांगा, तिथूनच सुरुवात करू.